पुंजाजीचं चाक

धाड गावात दोर-ताडपत्रीच्या दुकानापुढं सहदेव अवसरमोल जीपीतून उतरला, तवा त्याच्या गुडघ्यात जीव राह्यला नव्हता. जानेफळहून यष्टीनं मेहकर, मेहकरहून चिखली, आन तिथून पुढं जीपीच्या मागच्या फळीवर, दोन बकऱ्यांच्या मधात. बकऱ्या बसेल आन हा अर्धा उभा. साठी उलटलेला माणूस, सारी उमर गवंडीकामात घातलेली. अशा माणसाचे गुडघे म्हणजे जुन्या कवाडाच्या बिजागऱ्या. करकरतात, पण कवाड काही पडू देत नाईत.

दुकान मुजम्मिलचं, पण काम होतं त्याच्या बापाशी. बाप म्हणजे सईदभाई. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. तिथून हा माणूस उठून आरमारात गेला, जवानी जहाजावर काढली, आन परत येऊन पोराच्या दुकानात खुर्ची टाकून बसला. येईल त्या गिऱ्हाइकाले दोराची गाठ मारणं शिकवे. गिऱ्हाइकाले नको असली तरी शिकवे.

"सलाम भाई. मी जानेफळचा सहदेव. फोन केलता."

"हाव हाव, बसा. जीपीनं आले ना? तोंडच सांगून राह्यलं. मुजम्मिल, दोन चहा सांग, साखर जरा जास्त. माणूस जिता ठेवायचा हाय."

सहदेव बसला. बसल्यावर पह्यले दोन्ही पाय पुढं लांब केले, मंग बोलायले लागला.

गोष्ट अशी होती. जानेफळच्या चौकात पंचायत एक दगड लावून राह्यलती. गावातल्या ज्या ज्या माणसानं लढाईत नोकरी केली, त्याचं नाव त्या दगडावर. सहदेवचा बाप पुंजाजी, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजाच्या जहाजावर होता. म्हणजे, होता असं पुंजाजी म्हणे. सरपंच मंजुश्रीताई शिकेल पोरगी, बोलायले चांगली. ते म्हणे, "काका, नाव टाकायला मला काहीच हरकत नाही. पण काहीतरी दाखवा. परवा एकानं आजोबाचं नाव दिलं, चौकशी केली तर आजोबा पुण्याला छावणीत भाजी पुरवत होते."

आता दाखवायचं काय? पुंजाजी मरून पस्तीस वर्षं झालती. सरकारी हपीसात सहदेवनं अर्ज देऊन पाह्यला. तिथल्या बाईनं चांगलं बसवलं, पाणी देलं, आन विचारलं, "नंबर काय होता त्यांचा?" नंबर कोणाले ठाऊक! पुंजाजीनं घरात कधी नंबर सांगितला नाई. त्यानं सांगितलं तेच कोणी ऐकलं नव्हतं, तं नंबर कोणाले सांगते.

कारण पुंजाजी जहाजावर होता हे गावानं कधी मानलंच नाई. तरणा असताना एकदा दोनदा तो पारावर बोलून बसला. म्हणे, समुद्राचं पाणी अंधारात चमकते. जहाज चाललं का मागं उजेडाची वाट पडते. झालं. सारा पार हसला. "पुंजा, काय पेलता बे तिथं? आमालेबी सांग!" तवापासून पुंजाजीचं तोंड बंद झालं ते कायमचं. आन पोरांनी सहदेवले धरलं. शाळेत जाता येता, "काऊन बे सहद्या, तुह्या बापाचं जहाज कुठी लागलं? पैनगंगेत?" सहदेवनं त्याच्यापायी मार खाल्ला, मार देला, आन मंग मोठं झाल्यावर तोबी मनातल्या मनात त्या पोरांच्या बाजूनं गेला. बाप फेकत असन. गरीब माणूस, फेकते कधी कधी. एवढंच त्याले आता पाहायचं होतं. दगड गेला उडत. आपला बाप खरा होता का खोटा होता, एवढं एक कळलं का झालं.

सहदेवनं खिशातून रुमाल काढला, रुमालातून पितळेचं बटन. मोठी बहीण कलाबाई, तिच्या सुपारीच्या चंचीले ते बटन लावेल होतं.

सईदभाईनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. "हे तं खरं हाय. नांगर हाय, वर मुकुट हाय. इंग्रजाच्या टाइमचं आरमाराचं बटन." सहदेवचे डोळे उघडले तसे सईदभाईनं हात वर केला. "थांबा. बटन काय, मुंबईच्या जुन्या बाजारात ढिगानं भेटते. तुमची सरपंच मानणार नाई. आन मीबी मानत नाई. राग नका येऊ देऊ."

"राग येयाची ताकद नाई राह्यली, भाई."

"बाहीवरचा बिल्ला होता काय? कापडाचा, त्याच्यावर धाग्याचं काम. बटन कोणाचंबी असते, बिल्ला ज्याचा त्याचा. कोण काय काम करते ते त्याच्यावरून कळते."

"नाई पाह्यला कधी."

"असा असते पाहा." सईदभाईनं मोबाइल काढला. जुन्या जहाजवाल्यांचा त्यायचा गट होता, दिवसभर एकमेकाले फोटो पाठवत. बोटानं सरकवत सईदभाई सांगत गेला. "हे दोन झेंडे, हा निशाणवाला. हे पंख आन वीज, हा तारवाला. हा जहाजाचा पंखा, हा इंजनात कोळसा मारणारा. हे चाक, हा..."

"थांबा," सहदेव म्हणे.

निळ्या-काळ्या कापडावर लाल धाग्याचं चाक. आठ आऱ्या. वरच्या अंगाले एक लहानसा तारा.

सहदेवच्या हातातला चहा तसाच राह्यला. त्याच्यावर साय आली.

"काय झालं? पाह्यला काय कुठी?"

सहदेवनं पाह्यला होता. सारी उमर पाह्यला होता. पण तोंडातून निंगालं ते भलतंच. "भाई, एक विचारू? समुद्राचं पाणी अंधारात चमकते काय?"

सईदभाई हसला नाई. "चमकते. सारखं नाई, काही काही टाइमाले. पह्यल्यांदा पाह्यलं तवा मी घाबरलो. म्हटलं खाली कोणी दिवा लावला काय. जहाजाच्या मागं सडक पडते उजेडाची. हे काऊन विचारलं?"

सहदेवनं चहा खाली ठेवला. तोंड पुसलं. चेहरा पुसता पुसता डोळेबी पुसले, ते सईदभाईनं पाह्यलं आन रस्त्याकडं पाहून घेतलं.

जीपीत परत बसला तवा सहदेवच्या डोक्यात एकच चाललं होतं. ते चाक जानेफळच्या विहारात होतं. वस्तीच्या विहारात, मधल्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत. पोरगा असल्यापासून त्याची काच त्यानं पुसली होती. ते नागपूरच्या दीक्षेतलं धम्मचक्र, पुंजाजीनं छप्पन साली दीक्षाभूमीवरून छातीशी धरून आणलं, असं सारी वस्ती सांगे. दसऱ्याले, पौर्णिमेले माणसं त्याच्यापुढं वाकत. बाहेरगावचे पाहुणे आले का त्यायले आधी ते दाखवत. आमच्याकडं दीक्षेतली वस्तू हाय, म्हणत. आठ आऱ्या होत्या, अष्टांग मार्ग बरोबर मोजला जाय. वर तारा काऊन हाय, हे एवढ्या वर्षात कोणी विचारलं नव्हतं.

घरी कलाबाई हरभऱ्याची भाजी खुडून राह्यलती. सहदेवपेक्षा दहा-अकरा वर्षानं मोठी, नवरा गेल्यापासून भावाच्याच घरी. सहदेवनं चपला काढल्या आन तिच्यापुढं खालीच बसला.

"बाई, खरं सांगजो. विहारातलं चक्र बानं नागपूरहून आणलं काय?"

कलाबाईचा हात थांबला नाई. "काऊन?"

"ते बाच्या बाहीवरचं हाय. जहाजावरचं."

आता थांबला. कलाबाईनं भाजीची पाटी बाजूले सारली. "कोणं सांगितलं?"

"तुले ठाऊक होतं?"

"मले काय ठाऊक! मी नऊ वर्षाची पोरगी. मायजवळ दिवा धरून बसलती एवढं ठाऊक." ते जराशी चिडली, मंग चिडणं उतरलं. "बा नागपूरले गेलताच नाई, सहदेव. भाड्यापुरते पैसे एकाचेच होते, त्याच्यात चुलता गेला. ते लोक परत आले, आन मंग आपल्या वस्तीतबी दीक्षेचा कार्यक्रम ठरला. निळा झेंडा शिवला. त्याच्यावर चक्र पाह्यजे. आता चक्र कसं असते कोणं पाह्यलं होतं अठी? चुलता लांबून पाहून आलता, म्हणे गोल असते, आठ आऱ्या असतात. मायनं पेटी उघडली. बाची जुनी वर्दी होती, तिची बाही कापली, आन ते चाक झेंड्यावर बसवलं. उरलेल्या वर्दीच्या मंग चिंध्या झाल्या, एक बटन तेवढं मी ठेवलं."

"बाले न विचारता?"

"तं काय! बा कामावरून आला, दारात उभा राह्यला. मायच्या हातातली सुई थांबली. मले वाटलं आता मारते. त्यानं झेंडा हातात घेतला, पाह्यलं, आन म्हणे, टाके जवळ जवळ घाल, वाऱ्यानं उसवीन. आन पाय धुवायले गेला."

"मंग नागपूरचं कोणं म्हटलं?"

"लोक म्हणे, पुंजाजीच्या घरचं हाय. दोन वर्षानं म्हणे पुंजाजीनं आणलं. मंग म्हणे नागपूरहून आणलं. झेंडा जुना झाला तं चौकटीत लावला. बा काही बोलला नाई. त्यानं खरं सांगितलं होतं तवा लोक हसले. आता लोक हात जोडून राह्यलते. काय बोलीन माणूस?"

सहदेव भिंतीले टेकला. बाप खरा निंगाला, तं आनंद व्हायले पाह्यजे होता. झालाबी असन, पण थकव्याच्या खाली दबून गेला. कारण बापाले खरं ठरवायचं म्हणजे विहारातलं चक्र खोटं ठरवायचं. सारी वस्ती ज्याच्यापुढं वाकली, ते एका खलाशाची बाही हाय हे आपल्या तोंडानं सांगायचं. कोणाच्या पुढं? तं वरच्या गल्लीतल्या लोकायपुढं, ज्यायले हसायले निमित्तच पाह्यजे.

"राहू दे नं," कलाबाई म्हणे. "दगडावर नाव नाई आलं तं काय बा परत मरते?"

"तुले काय, तू त्याच्यापायी मार नाई खाल्ला."

"मी?" कलाबाईनं पाटी परत ओढली. "माह्या सासरी मले जहाजवाली म्हणत. पाणी सांडलं का म्हणत, जहाजवाले, पोहून जा आता. तू शाळेपुरतं ऐकलं रे. मी चाळीस वर्षं ऐकलं."

पाटीतली भाजी खुडून झाली तवा कलाबाईच म्हणे, "चाबी बनाबाईकडं हाय. तिले आधी सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तं ते तुले जित्ता सोडणार नाई."

बनाबाई वस्तीतली सगळ्यात म्हातारी. विहाराची चाबी तिच्या कमरेले. लग्न होऊन आली तवापासून रोज सकाळी त्या चौकटीपुढं उदबत्ती लावणारी. सहदेवनं तिच्या अंगणात बसून सारं सांगितलं. तिनं सारं ऐकलं. कान कमी होते म्हणून दोनदा सांगा लागलं, आन दुसऱ्या खेपेले शेजारच्या तीन घरायनंबी ऐकलं.

"म्हणजे," बनाबाई म्हणे, "मी एवढे वर्षं पुंजादाच्या बाहीच्या पाया पडून राह्यली?"

"तसंच झालं, मावशी."

"आन तो मेला समोर बसून पाहे! मी पाया पडू आन तो पाहे! एक दिवस तरी सांगा का नाई, का बने, तिथी नको वाकू, माही बाही हाय?" तिनं पदर तोंडाले लावला. सहदेवले वाटलं रडून राह्यली. पाह्यलं तं म्हातारी हसून राह्यलती. खांदे हलत होते, आन हसता हसता ठसका लागला. सहदेवनं पाणी देलं.

पण सारे हसले नाईत. संध्याकाळी चार तरणे पोरं सहदेवच्या दारात आले. त्यातला संघर्ष शिकवण्या घेणारा, बोलायले तेज. "काका, आपल्याच विहाराची वस्तू आपणच खोटी म्हणायची? तीबी त्या लोकायच्या दगडासाठी? उद्या ते काय म्हणतील माहीत हाय तुमाले?"

"माहीत हाय. मी लहानपणापासून ऐकून राह्यलो ते."

"मंग काऊन?"

खरं म्हणजे सहदेवले भांडायचंच नव्हतं. "लेका, मले झोपू दे," एवढंच तो म्हणे. पोरं गेले. जाता जाता एकानं फाटक जोरात आपटलं.

दुसऱ्या दिवशी तो पंचायतीत गेला. मंजुश्रीताईले म्हणे, "पुरावा हाय. पण अठी आणता येत नाई. तुमाले या लागीन."

"कुठं?"

"विहारात."

मंजुश्रीताई मतं मागायले आलती तवा विहाराच्या पायरीजवळ उभी राहून बोलली होती, चपला पायातच. तिच्या आधीचे सरपंच तं वस्तीच्या हापशीपुढं कधी सरकले नव्हते. बाजूले बसेल दोन मेंबरायनं एकमेकाकडं पाह्यलं. एक म्हणे, "फोटो काढून आण ना, कायले त्रास त्यायले."

"फोटो नाई," सहदेव म्हणे. "पाहायचं तं येऊन पाहा. नाई तं नाव राहू द्या. मी आता मेहकर-धाड करून दमलो."

मंजुश्रीताईनं पेन बंद केला. "येते, काका. रविवारी येते."

रविवारी सईदभाई आले. जीपीनं नाई, मुजम्मिलच्या मोटरसायकलवर, कमरेले पट्टा बांधून. मंजुश्रीताई आली, मेंबर आले. दारात चपला काढायची वेळ आली तं एक मेंबर म्हणे, मी बाहीरच थांबतो, फोन येणार हाय. मंजुश्रीताईनं त्याच्याकडं एकदा पाह्यलं. त्यानं बूट काढले. मोज्याले भोक होतं. बायायनं ते पाह्यलं आन एकमेकीले कोपर मारलं.

चौकट खाली काढली. सईदभाईनं नाक काचेले टेकवलं. मागं संघर्ष हाताची घडी घालून उभा होता.

"या आऱ्या पाहा," सईदभाई म्हणे. "तुमच्या चक्राच्या आऱ्या रिंगमध्ये थांबतात. या बाहीर निंगेल हायेत. या मुठी. हातानं धरायच्या. हे जहाजाचं सुकाणू. लाल धागा म्हणजे रोजच्या वर्दीवरचं, सणासुदीचं सोनेरी राहे. आन हा तारा असा फुकट भेटत नाई. त्याची परीक्षा राहते, ते पास झाल्यावर." त्यानं मान वर केली. "लढाईत, रातच्याले, दिवे बंद करून जहाज चाले. कप्तान नुसता बोले, वळवणारा हा. याचा हात चुकला तं सारे पाण्यात."

"मग परत का आले?" मंजुश्रीताईनं विचारलं. "नोकरी का सोडली?"

"ते याच्यावर लिहेल नसते, ताई. लढाई संपल्यावर लय जणायले घरी पाठवलं. छेचाळीस साली आरमारात हरताळ झाला, त्याच्यातबी बरेच निंगाले. हा कसा आला, मी सांगू शकत नाई. होता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो."

सहदेवले वाटलं आता कोणी तरी हसन. बाहेरचे नाई तं आपले. कोणी हसलं नाई. मोजे फाटेल मेंबर चौकटीजवळ वाकला आन म्हणे, "आमचा बुढा लय हसे याच्यावर. पारावर." आन मंग उगाच घसा खाकरला.

मंजुश्रीताई गेली. आता चौकट खाली आन भिंत रिकामी. कोणं काय करावं कोणाले कळेना. सहदेव म्हणे, "मी घरी नेतो."

"कायले?" बनाबाई खेकसली. "तुह्या घरी उंदरायले?" तिनं आजूबाजूले पाह्यलं. बाजूच्या भिंतीवर वस्तीतल्या जुन्या माणसायचे फोटो होते, दीक्षा घेणारे, शाळा काढणारे, मेलेले सारे. पुंजाजीचा फोटो त्यात नव्हता, कारण त्याचा फोटोच नव्हता. "तिथी लावा. पुंजादाच्या जागी. मधात आपलं खरं चक्र आणू. तोवर मधात काही नको, खिळा राहू द्या."

खिळा ठोकायले हातोडी संघर्षनंच आणली.

सहदेव बाजूले उभा राह्यला. गवंडी माणूस, चौकट जराशी डावीकडं कलली हे त्याले दिसलं. उठून नीट करायची म्हटलं तं पाय उठेनात. राहू देली.

महिन्याभरानं दगड लागला. मोठा समारंभ झाला नाई, पालकमंत्री येणार होते ते आले नाईत. सहदेव दुसऱ्या दिवशी एकटाच गेला, पाह्यलं. अक्षरं उथळ खोदेल होती, दहा-बारा पावसाळ्यात पुसतीन. पुंजाजी राघोजी अवसरमोल, आरमार. तो समोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसला.

वरच्या गल्लीतला एक म्हातारा काठी टेकत आला. सहदेवच्याच वर्गातला, पैनगंगेतल्या जहाजावरून ज्यानं त्याले लय छळलं होतं, आन आता ते विसरूनबी गेला होता. त्यानं दगड वाचला, बोट लावून. मंग वळून सहदेवजवळ बसला.

"काऊन रे सहदेव, पुंजाबा खरंच होता काय जहाजावर?"

"हाव."

"मंग त्यानं कधी सांगितलं काऊन नाई?"

सहदेवनं त्याच्याकडं पाह्यलं. भांडायचं असतं तं चांगला मोका होता.

"सांगितलं होतं," तो म्हणे.